नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल असा एसएमपीएस आणि यूपीएस कसा निवडावा?

पानजुळणी (महाल)

नमस्कार. मी घरूनच अक्षरजुळणीचे आणि पानांच्या मांडणीचे काम करते. श्रावण लागला की दिवाळी अंकांचा मजकूर येऊ लागतो आणि शेवटचे पान छापखान्यात जाईपर्यंत संगणक दिवसाचे बारा-चौदा तास चालू राहतो. गेल्या वर्षीपासून व्याख्यानांच्या चित्रफितींचे संपादनही स्वीकारले आहे. त्यासाठी सध्याच्या कोअर आय ५-१२४०० प्रोसेसरच्या जोडीला आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा विचार आहे.

कार्ड घेण्याआधी विजेचा प्रश्न सोडवणे मला भाग आहे. माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेला ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालवणारी पेटी, आहे आणि एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबरोबर आलेला आहे, ज्यावर ४५० वॅट असे छापले आहे. मे महिन्यात वादळी पावसाने आमच्याकडची लाइन दिवसातून तीन-चार वेळा गेली, आणि त्या काळात मला दोन वेगवेगळे प्रकार दिसले. पानांचे काम चालू असताना वीज गेली, तर यूपीएसमधून ‘टक्’ असा आवाज येतो, मॉनिटर चालूच राहतो, पण संगणक मात्र बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चित्रफीत तयार होत असताना वीज गेली, तर संगणक आणि मॉनिटर दोन्ही एकदमच बंद पडतात. अशाच एका वेळी चोवीस पानांची फाइल उघडेनाशी झाली आणि ते सगळे काम दोन रात्री बसून पुन्हा करावे लागले.

एका दुकानात ७५० वॅटचा एसएमपीएस घ्या असे सांगितले, तर दुसऱ्या दुकानात आहे तोच चालेल असे म्हणाले. यूपीएसच्या बाबतीत ‘ऑनलाइनच घ्या’ असा एकाचा आग्रह आहे, तर माझ्या भावाचे म्हणणे आहे की घरच्या इन्व्हर्टरवर जोडून मोकळे व्हावे. खोली पश्चिमेची आहे, उन्हाळ्यात कूलर चालतो आणि एसी नाही. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला तर बोटांना हलक्या झिणझिण्या येतात; त्याचा या सगळ्याशी संबंध आहे की नाही, हे मला कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सोल्डरगन (सीताबर्डी)

ताई, तुम्ही दोन प्रकार वेगळे करून लिहिलेत, त्यामुळे निदान बरेच सोपे झाले आहे. मी एसएमपीएस दुरुस्तीचे काम करतो, आणि बहुतेक ग्राहक ‘यूपीएस बॅकअप देत नाही’ एवढ्या एकाच वाक्यात या दोन्ही गोष्टी गुंडाळतात.

पहिल्या प्रकारात मॉनिटर चालू राहतो, म्हणजे यूपीएसने वीज दिलेली आहे. घरगुती यूपीएसला मेन लाइनवरून बॅटरीवर यायला साधारण ६ ते १० मिलिसेकंद लागतात. तुम्हाला ऐकू येणारा ‘टक्’ हा त्यातल्या रिलेचा आवाज आहे. तेवढा वेळ संगणकाला एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे आमच्या बाजारात ज्याला कंडेन्सर म्हणतात त्यात, साठलेल्या विजेवर तग धरावा लागतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावरही १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसमध्ये हाच भाग लहान घालून पैसे वाचवलेले असतात, आणि आपल्याकडच्या उष्णतेत दोन-तीन वर्षांत त्याची क्षमता आणखी घटते. त्यात संध्याकाळी व्होल्टेज १९० च्या आसपास उतरलेले असेल, तर मुळात साठाच कमी भरलेला असतो. म्हणून पानांचे हलके काम चालू असतानाही तुमचा संगणक तो क्षण ओलांडू शकत नाही. हा दोष एसएमपीएसचा आहे आणि नवा यूपीएस घेऊन तो जाणार नाही.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही बंद पडतात, तेव्हा यूपीएसनेच मान टाकलेली असते. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे. या वर्गातल्या यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॅट असते आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एकच बॅटरी असते. सध्या कार्ड नसल्यामुळे मॉनिटर धरूनही तुमचा भार ३६० च्या बराच खाली असणार. तरीही तो बंद पडतो, याचा अर्थ तीन वर्षांची ती बॅटरी संपलेली आहे.

आता निवडीकडे येतो, आणि एसएमपीएसबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण लोक यूपीएसवर दोन दिवस विचार करतात आणि एसएमपीएस दुकानदार देईल तो घेतात.

कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढा आणि एसएमपीएसवर चिकटवलेला तक्ता वाचा. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट असेल, पण ‘+१२ व्होल्ट’ या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. माझ्याकडे येणाऱ्या अशा अनेक एसएमपीएसवर तिथे १६ अँपिअर लिहिलेले असते. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही आपली जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात, त्यामुळे तुमच्या कामाचा आकडा १९२ हा आहे. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत मोजून दाखवलेले असतात आणि आजच्या संगणकाला त्यांचा फारसा उपयोग नाही. एसएमपीएस स्वतः मात्र कृपया उघडू नका. वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहतो.

तुमची गरज अशी मोजावी. आय ५-१२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो आणि आरटीएक्स ४०६० चा आकडा ११५ वॅट आहे. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे यांचे ५० वॅट धरले, तर बेरीज २८० च्या जवळपास जाते. ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस घेतला, तर तो सर्वांत जड कामातही निम्म्या भारावर चालेल, आणि त्याच पट्ट्यात एसएमपीएसची कार्यक्षमता सर्वांत चांगली असते. त्या कार्डासाठी निर्मात्याची शिफारसही ५५० वॅटचीच आहे. ७५० वॅटने नुकसान काही होणार नाही, पण तेच पैसे ५५० वॅटच्या वरच्या दर्जाच्या एसएमपीएसवर खर्च करणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

दर्जा ओळखताना ‘८० प्लस’ची पट्टी उपयोगी पडते, पण ती कार्यक्षमतेची पट्टी आहे, टिकाऊपणाची नव्हे. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता गाठावी लागते. ही चाचणी २३ अंश सेल्सिअसच्या आसपास घेतात. नवतपात तुमच्या पश्चिमेच्या खोलीत २३ अंश कुठून येणार? म्हणून माहितीपत्रकात पूर्ण क्षमता किती तापमानाला दिली आहे, हे आवर्जून पाहा. काही एसएमपीएस ४० अंशांपर्यंत पूर्ण भार देतात, तर चांगले एसएमपीएस ५० अंशांपर्यंत देतात. आपल्या गावात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना कॅबिनेटच्या आतली हवा ५० च्या जवळ सहज जाते, त्यामुळे हा फरक इथे प्रत्यक्ष कामाचा आहे. आतले कपॅसिटर १०५ अंशांचे असावेत, ८५ चे नसावेत. कारण दर १० अंश वाढीला कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते.

यूपीएस १००० ते ११०० व्हीएचा, लाइन-इंटरॅक्टिव्ह (एरवी मेन लाइनवर चालून वीज गेली की बॅटरीवर येणारा), एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सावरणारी सोय) असलेला घ्यावा. एव्हीआरमुळे संध्याकाळी उतरलेले व्होल्टेज बॅटरी न वापरताच वर उचलले जाते आणि बॅटरी खऱ्या खंडासाठी शिल्लक राहते. घेताना व्हीए न विचारता वॅट विचारा, आणि खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण व आयएस १६२४२ हा क्रमांक आहे ना, ते पाहून घ्या.

कोराकागद (प्रताप नगर)

सोल्डरगन यांच्या उत्तरात एका मुद्द्याची भर घालतो. नव्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज एकसारखी ओढणारे सर्किट) असते, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे मेन लाइनसारखी गुळगुळीत लहर, न देता पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देतो. काही जोड्यांचे आपसांत जमत नाही. यूपीएस गुरगुरतो, ओव्हरलोड दाखवतो किंवा बंदच पडतो. माझ्याकडे नवा एसएमपीएस आणि जुना यूपीएस यांच्यात नेमके हेच झाले होते. माझा भार २०० वॅटसुद्धा नव्हता, तरी यूपीएस प्रत्येक वेळी ओव्हरलोडची शिट्टी वाजवत असे. म्हणून दोन्ही वस्तू एकाच दुकानातून घ्याव्यात, दुकानातच जोडून मेन स्विच बंद करून पाहावे, आणि न जमल्यास बदलून देण्याचे पावतीवर लिहून घ्यावे. शुद्ध साइन वेव्हचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसही मिळतो. तो महाग पडतो, पण ही शंका कायमची मिटते.

ऑनलाइन यूपीएसमध्ये बदलीचा वेळच नसतो, कारण संगणक सतत त्याच्या इन्व्हर्टरवरच चालतो. मात्र त्याचा पंखा अखंड चालतो, तो स्वतः वीज खातो आणि उष्णता खोलीत सोडतो. एसी नसलेल्या खोलीत, एका संगणकासाठी, मी तो घेणार नाही.

आपल्या बंधूंचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल आणि मागे ‘यूपीएस मोड’चा खटका असेल, तर तो त्या बाजूला ठेवून संगणक चालवता येतो, साध्या मोडमध्ये मात्र बदलीला इतका वेळ लागतो की संगणक पुन्हा सुरू होतो. अडचण अशी आहे की घरचे पंखे आणि दिवे त्याच बॅटरीवर असतात, आणि बॅटरी संपत आली आहे हे इन्व्हर्टर संगणकाला कळवू शकत नाही. यूपीएसला यूएसबी वायर जोडता आली, तर चार्ज उतरताच विंडोज स्वतःहून संगणक व्यवस्थित बंद करू शकते. आपली चोवीस पानांची फाइल गेली, तशा वेळी ही सोय मोलाची ठरते. मी इन्व्हर्टरच्या लाइनवर लहान यूपीएस आणि त्यावर संगणक अशी रचना केली आहे. मधला क्षण यूपीएस सांभाळतो आणि पुढचे दोन तास इन्व्हर्टर सांभाळतो.

तारजोड (नंदनवन)

मी परवानाधारक वायरमन आहे. ताईंनी शेवटी एका वाक्यात जे लिहिले, त्याकडे वरच्या दोघांचे लक्ष गेलेले दिसत नाही, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच झाली पाहिजे.

कॅबिनेटला झिणझिण्या येतात याचा अर्थ त्या सॉकेटपर्यंत अर्थिंग पोहोचत नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो, त्यातले दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर तिथून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि मीटरवर त्याचे व्होल्टेज निम्मे, म्हणजे ११० ते ११५ च्या आसपास दिसते. प्रवाह फार थोडा असल्यामुळे सहसा फक्त झिणझिण्याच येतात. पण आत कुठे फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर तुम्हाला वाचवणारे काहीच नसेल. यूपीएस किंवा स्पाइक गार्डमधले विजेच्या उसळीपासून वाचवणारे घटकही ती उसळी बऱ्याच अंशी अर्थकडे वळवून काम करतात. अर्थिंग नसताना महागडा स्पाइक गार्ड म्हणजे बराचसा एक लांब बोर्डच आहे.

सॉकेटवर मल्टिमीटरने तीन मापे घ्या. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ ही दोन्ही २३० च्या जवळपास आणि जवळजवळ सारखी यावीत. न्यूट्रल ते अर्थ हे माप २-३ व्होल्टच्या आत असावे. मीटर हाताळण्याची सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या. महालात जुनी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांत अर्थिंगचा खड्डा अंगणात कुठे तरी पुरलेला असतो, ज्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नसते. उन्हाळ्यात जमीन वाळली की तिचा विरोध वाढतो. खड्ड्याच्या नळीतून आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी सोडले, तर मे महिन्यात मीटरवर फरक दिसतो. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून तो दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेला मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता आधी तेच पाहतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर विजा होतात, तेव्हा उसळी केवळ मेन लाइनमधून येत नाही. गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याची लॅन केबल खाली आली असेल, तर त्या वाटेनेही मदरबोर्ड जळतो. फायबर थेट घरात आले असेल, तर त्या काचेच्या तारेतून ही भीती नाही.

पानजुळणी (महाल)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. केलेल्या गोष्टी कळवते.

सर्वप्रथम वायरमनला बोलावले. न्यूट्रल ते अर्थ हे माप ३८ व्होल्ट आले. अंगणातला खड्डा तुळशीवृंदावनाच्या मागे निघाला. त्यातून वर येणारी तार गंजून तुटलेली होती आणि जरा हलवताच हातात आली. नवी पट्टी जोडून खड्ड्यात मीठ-कोळसा भरला आणि पाणी सोडले. आता तेच माप १.४ व्होल्ट आहे आणि झिणझिण्या पूर्ण थांबल्या आहेत. इतकी वर्षे त्या पत्र्याला मी आणि माझी मुलगी हात लावत होतो, हे आठवले की अंगावर काटा येतो. तारजोड काका, तुमचे ऋण मोठे आहे.

एसएमपीएसवरचा तक्ता वाचला. बारा व्होल्टखाली १५ अँपिअर लिहिले आहेत, म्हणजे १८० वॅट. जुन्या यूपीएसची बॅटरी काढायला गेले, तर ती फुगून खोक्यात इतकी घट्ट बसली होती की दुकानदाराला खालचा पत्रा उघडून ती बाहेर ढकलावी लागली. ५५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा, ५० अंशांना पूर्ण भार देणारा एसएमपीएस आणि ११०० व्हीएचा ६६० वॅटचा यूपीएस एकत्र घेतले. दुकानातच माझा संगणक जोडून पाच वेळा वीज बंद करून पाहिली. एकदाही तो पुन्हा सुरू झाला नाही.

आता दोनच शंका उरल्या आहेत. या यूपीएसवर मला किती वेळ मिळेल असे धरून चालावे? आणि बॅटरी पुन्हा तशीच फुगू नये म्हणून काय करावे?

सोल्डरगन (सीताबर्डी)

तुमच्या यूपीएसच्या माहितीपत्रकात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या असतील, तर कागदावरचा साठा १६८ वॅट-तास होतो. हा आकडा वीस तासांत हळूहळू बॅटरी उतरवून मोजलेला असतो. जोरात ओढली की तीच बॅटरी खूपच कमी देते, आणि बॅटरीची वीज २३० व्होल्टवर नेताना यूपीएसही काही भाग खातो. पानांच्या कामात मॉनिटरसह १०० वॅटच्या आसपास भार असेल, तेव्हा नव्या बॅटऱ्यांवर पाऊण तास मिळावा. कार्ड आल्यावर चित्रफीत तयार होत असताना मॉनिटरसह भार ३३०-३४० पर्यंत जाईल, तेव्हा दहाच मिनिटे धरा. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर हे दोन्ही आकडे निम्मे मानून चाला. लेसर प्रिंटर असेल तर तो यूपीएसवर कधीही लावू नका. त्याचा रोलर तापताना एकटाच यूपीएसची क्षमता ओलांडतो. राउटर मात्र जरूर लावा.

बॅटरी फुगण्याचे कारण उष्णता हेच आहे. या बंद बॅटऱ्यांचे आयुष्य २५ अंशांना मोजलेले असते आणि त्यावर दर ८-१० अंशांना ते साधारण निम्मे होते. शिवाय गरम बॅटरीला कमी व्होल्टेजवर चार्ज करायला हवे, पण स्वस्त यूपीएस बाराही महिने एकाच व्होल्टेजवर चार्ज करत राहतो. पश्चिमेच्या भिंतीपासून यूपीएस दूर, जमिनीलगत, चारी बाजूंनी हवा खेळेल असा ठेवा. माळ्यावर किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात नको. कूलरच्या थेट झोतातही नको. जुन्या खसाच्या जाळीतून पाण्याचे बारीक थेंब उडतात आणि आपल्या जड पाण्याचा पांढरा थर पंख्यांवर आणि बोर्डावर बसतो. दर उन्हाळ्यानंतर असे कितीतरी बोर्ड माझ्या टेबलावर येतात. कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी राहू द्या, म्हणजे दमट हवा बाहेर निघून जाईल.

फुगलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी जमा केली की बहुतेक दुकानदार किमतीत थोडी सूटही देतात.

महिन्यातून एकदा, फाइल जतन करून, यूपीएसची चाचणी घ्या. ती घेताना भिंतीवरचा प्लग उपसू नका. बोर्डावरचे बटण बंद करा. बटण फक्त फेज तोडते आणि अर्थिंग जोडलेले राहते, तर प्लग उपसला की अर्थही तुटतो आणि पत्रा पुन्हा अधांतरी होतो. पाच मिनिटे बॅटरीवर काम करा, चार्ज किती टक्क्यांवर आला ते एका वहीत तारखेसह लिहा, आणि बटण पुन्हा चालू करा. दिवाळी अंकांच्या आधी, आषाढातच, त्या वहीतला आकडा पहिल्या महिन्यापेक्षा फार खाली आलेला दिसला, तर बॅटऱ्या तेव्हाच बदलून घ्या.